शेवटच्या बाइटवरची खूण

सर, मंगळवारी सकाळी मी एका मोठ्या माणसाची चूक पकडली आणि ती खरी निघाल्यावर सगळ्यात आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुम्ही गेलात तेव्हा मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, बातमी दोन दिवसांनी कळली होती. आता मी परत लातूरला राहते. घरातच टेबल मांडून एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करते. खिडकीतून क्लासला निघालेली पोरं दिसतात, रिक्षा भरभरून. तुमच्या वेळी या सगळ्याची नुसती सुरुवात होती. चौकाचौकात पाट्या लागत होत्या, आणि एका क्लासवाल्यानं तुम्हालाही बोलावून नेलं होतं. आठ दिवसांत तुम्ही शाळेत परत आलात. का म्हणून विचारलं तर म्हणालात, "दोनशे पोरं हायत तिथं एका हॉलात. वह्या कोण बघणार?"

भूकंपात आमचं गाव गेलं तेव्हा मी दहावीत होते. घरचे आम्ही सगळे वाचलो, आणि हे सांगायचीही तेव्हा लाज वाटायची, कारण शेजारच्या दोन घरांत कुणी उरलं नव्हतं. वडिलांनी मला लातूरला आत्याकडे आणून ठेवलं. शाळेच्या भिंतींना तडे गेलेले, म्हणून वर्ग मैदानातल्या पत्र्याच्या शेडमध्ये भरायचे. गावाकडून आलेल्या आम्हा सात-आठ जणांना तुम्ही शाळेच्या आधी, सकाळी सातला, गणित शिकवायचात. तुमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भांड्यांना कल्हई करायचा धंदा. तुम्ही एकटेच मास्तर झालात. पण हात तोच. भांडं लखलखेपर्यंत सोडायचं नाही.

तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही आम्हाला एकमेकांच्या वह्या तपासायला दिल्या आहेत. मी मैत्रिणीची वही घेते, पुस्तकामागचं उत्तर बघते, जुळलं की खूण करते. दहा मिनिटांत काम संपवून वही तुमच्यापुढे ठेवते. तुम्ही चष्मा कपाळावर चढवता आणि विचारता, "काय तपासलं तू?" मी म्हणते, "उत्तर बराबर हाय, सर." "उत्तर तर मलाबी ठाव हाय बेटा, पुस्तकात छापून आलंय. तिसरी ओळ वाचली का?" तिसऱ्या ओळीत वजाचं चिन्ह गळालं होतं, आणि पाचव्या ओळीत दुसरं एक गळालं होतं. दोन्ही चुका एकमेकींना भेटून उत्तर बरोबर आलं होतं. "आज जमून गेलं. उद्या आकडे बदलले की सगळं घर खाली येईल," असं तुम्ही बोलून गेलात. आमच्यातल्या एकीनं दप्तरावर डोकं ठेवलं. तुम्ही खडू खाली ठेवलात. मास्तर पोरांची माफी मागतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं. "चुकलो मी," तुम्ही म्हणालात. "बोलायच्या आधी मीबी तपासायला पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तुमची स्वतःची वही दिलीत, जाड पुठ्ठ्याची, सोडवलेल्या गणितांची. "यात मी मुद्दाम एक चूक घालून ठेवलीय. काढ." मला अकरा दिवस लागले. आत्याच्या स्वयंपाकघरात, आतेबहिणी भाकरी करत असताना, मी ओळीवर बोट ठेवून वाचत बसायची. आत्या म्हणायची, "मास्तराची चूक शोधून राहिली ही! काय जमाना आला." बाराव्या दिवशी मी वही घेऊन आले आणि म्हटलं, सर, एक न्हाई, दोन हायत. पहिली तुम्ही पाहिलीत आणि मान हलवलीत, ती तुमचीच होती. दुसरीच्या पानावर मात्र बराच वेळ थांबलात. तिथं दोन्ही बाजूंना क्ष वजा तीननं भागलं होतं आणि क्ष स्वतःच तीन असू शकतो हे राहून गेलं होतं, म्हणून एक उत्तर हरवलं होतं. "ही मी घातलेली न्हाई," तुम्ही हळूच म्हणालात. आणि मग इतक्या मोठ्यानं हसलात की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावले. "नऊ वर्षं! नऊ वर्षं हेच शिकवून राहिलोय मी! या पोरीनं धरलं मला!" ते तुम्ही शिपायाला सांगितलंत, हेडमास्तरांना सांगितलंत, आणि गेटवरून सगळ्यांसाठी गरम भजी मागवलीत.

आता मंगळवारचं ऐका. आमची टीम डीबगर बनवते. प्रोग्राम कुठं बिघडला ते शोधायला तो चालता चालता थांबवून आतून बघायचं, त्याचं हे हत्यार. त्यात एक खिडकी असते, तिथं यंत्राच्या नुसत्या आकड्यांचं वाचता येईल अशा सूचनांत रूपांतर करून दाखवतात. प्रोग्राम जिथं थांबवायचा, तिथल्या सूचनेचा पहिला बाइट काढून डीबगर आपली खूण, म्हणजे ब्रेकपॉइंट, ठेवतो. खिडकीत मात्र खूण दिसता कामा नये, मूळ सूचनाच दिसली पाहिजे. आमच्या सगळ्यात ज्येष्ठ इंजिनिअरांनी ही खिडकी वेगवान करणारा बदल लिहिला होता. पूर्वी ती एकेक सूचना वाचायची, आता चार हजार शहाण्णव बाइटांचा तुकडा एकदम उचलते आणि त्यातल्या खुणा पुसते. सुंदर लिहिलेलं. चाचण्या सगळ्या पास. दोघांनी आधीच मंजुरी दिलेली, शुक्रवारी नवी आवृत्ती जायची होती. मी टीममध्ये चार महिन्यांची, नुसती तिसरी सही करायची राहिलेली.

मी ओळीवर बोट ठेवून वाचलं, सर. खुणा पुसणारी ओळ तुकड्याच्या शेवटच्या बाइटाच्या एक पाऊल आधी थांबत होती. मी नेमक्या त्या बाइटवर खूण ठेवली आणि खिडकी उघडली. तिथून पुढं सगळं बदललं. एक बाइट चुकीचा वाचला की पुढच्या सूचनांची लांबी चुकते, आणि प्रोग्राममध्ये नसलेल्या सूचना ओळीनं उभ्या राहतात, अगदी खऱ्यासारख्या. बघणारा माणूस दिवसेंदिवस भलतीकडेच बिघाड शोधत बसला असता.

मी सही न करता तसं लिहून कळवलं, आणि त्या ज्येष्ठ इंजिनिअरांनी लगेच कॉल लावला. पुण्याचे आहेत, शांत बोलतात. "दोघांनी पास केलंय. तुम्ही कुठे अडलात?"

मी जागा सांगितली.

"नेमक्या त्याच बाइटवर ब्रेकपॉइंट कोण ठेवणार?"

"मुद्दाम कुणी नाही ठेवणार, सर. पण कधीतरी पडेलच." मग मला राहवलं नाही. "हितं बघा ना! हाय का न्हाई? ही सूचना प्रोग्रामात हायच न्हाई!"

"परत दाखवा," ते म्हणाले. मी तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा दाखवल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला. "आठवडाभर ही ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती हो." दुरुस्ती एका चिन्हाची. ती त्यांनी माझ्यासमोर केली आणि मी लिहिलेली चाचणी कायमची जोडून घेतली. गुरुवारी सगळ्या टीमसमोर म्हणाले, यापुढे या भागातला कुठलाही बदल, माझासुद्धा, या बाईंनी वाचल्याशिवाय जाणार नाही. मी कॅमेरा बंद केला आणि एकटीच खोलीभर फिरले. शुक्रवारी आवृत्ती गेली. संध्याकाळी मी घरच्यांसाठी भजी तळली, आणि का ते कुणाला सांगितलं नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, टेबलाच्या खणात राहील. पण लिहायला बसलेच आहे तर एक सांगून टाकते. पहिल्या वर्षी नांदेडच्या होस्टेलवरून मी तुम्हाला कार्ड लिहिलं होतं, गणितात वर्गात दुसरी आले म्हणून. तुम्ही ते नव्या पोरांना वाचून दाखवलंत असं आत्यानं सांगितलं होतं. सर, मी तेव्हा गणितात नापास झाले होते. दुसऱ्या खेपेला सुटले. तुम्ही जन्मभर सगळ्यांचं सगळं तपासलंत, माझं तेवढं कार्ड तपासलं नाहीत.