ताईबरोबर एक फुगडी

७ जुलै, सोम.
शेवटी गेलेच. रंगाच्या दुकानावरचं जिम, संध्याकाळी बायकांची बॅच. हे म्हणाले, "या वयात काहून जिम? घरीच सूर्यनमस्कार घाल नं." घरी कोण घालतं कधी! शिकवणारी जया, पोट्टीच आहे, इकडचीच, हिंदी बोलणारी, नुकतं लग्न झालेली. तिने विचारलं, "आंटी, करना क्या है आपको?" म्हटलं, वजन कमी. थाप. खरं सांगितलं असतं तर हसली असती. मला यंदा महालक्ष्म्यांना माझ्या थोरल्या बहिणीशी, कुमुदताईशी, फुगडी खेळायची आहे. गुडघे कुरकुरतात, लोणच्याच्या बरणीचं झाकण निघत नाही, आणि फुगडी तर सगळी पकडीवर.

९ जुलै, बुध.
अंग इतकं धरलंय की ऑफिसचा जिना उलटी होऊन उतरले. चूक माझीच. शेजारची सून जेवढं उचलते तेवढं मीही उचलायला गेले. जया ओरडली, "पहले तरीका, फिर वजन! और साँस मत रोकिए." आधी अंग गरम करायचं, मग हलकी वजनं. ठीक.

१५ जुलै, मंगळ.
आज बांगड्यांवरून वाद. जया म्हणे, काचेच्या आहेत, दांड्यावर आपटून फुटल्या तर हात कापेल. काढायच्या. मी नाही म्हटलं, मग काढल्या, पर्समध्ये ठेवल्या. आरशासमोर हात वर केले आणि क्षणभर वाटलं, ताईच उभी आहे. भाऊजी गेल्यापासून तिचे हात असेच. व्यायाम नीट झाला नाही. घरी आल्याबरोबर बांगड्या भरल्या, पण तो हात काही डोळ्यासमोरून जाईना.

२७ जुलै, रवि.
ताईला वर्ध्याला फोन. नेहमीचंच.
"महालक्ष्म्यांले येतेस नं?"
"मी येऊन काय करू सुधे? कोपऱ्यात बसू? बाया हळदीकुंकू घेऊन राहिल्या आन् मले पाहून राहिल्या. नको बाप्पा."
"मी देईन तुले हळदीकुंकू."
"तू देशील. बाकीच्याइचं काय?"
मग सोळा भाज्यांत दोडका घातलास का, आंबील पातळ झाली होती का, असलंच. तिसरं वर्ष. आई-बाबा गेले, घर विकलं, माहेर म्हणून जे उरलंय ते ही एवढीच, आणि ती येत नाही. फुगडीत ताई अशी मागे झुकायची की वेणी जमिनीला लागायची. "सोडशील तं नाही नं?" ओरडून विचारायची. मला तेच ऐकायचंय, बाकी काही नको. फोन ठेवून रडले. ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

८ ऑग., शुक्र.
जयाला आज खरं सांगितलं. हसली नाही. "फुगड़ी! हव, हम भी तो खेलते थे!" म्हणून तिथेच उकिडवी बसली आणि पाय पुढेमागे टाकत उड्या मारायला लागली. इकडच्यांची फुगडी अशी बसून, एकेकीची. म्हटलं, आमची दोघींची, हात धरून, गरगर. तिला फार गंमत वाटली. मग तिने सगळा व्यायामच बदलला. दोन्ही हातांत वजनं धरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचं, पकडीसाठी. बाकावरून हाताचा आधार न घेता उठायचं, गुडघ्यांसाठी. "दर्द हुआ तो रुकना है आंटी, हीरो नहीं बनना."

१९ ऑग., मंगळ.
बरणीचं झाकण उघडलं!! एका झटक्यात. ह्यांना दाखवलं. म्हणे, "आता लोणचं वाढ."

२४ ऑग., रवि.
जया उद्या माहेरी चालली. तीजा. भाऊ महासमुंदहून मोटरसायकलवर न्यायला येणार. रात्री करूभात, म्हणजे कारल्याची भाजी आणि भात, मग दुसऱ्या दिवशी कडक उपास. आपल्या हरतालिकेसारखाच. सांगताना तिचा चेहरा असा काही फुलला की मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. न्यायला येणारं कोणीतरी पाहिजे माणसाला. जाताना बजावून गेली, "तीजा के दिन जिम मत आना. पानी तक नहीं पियोगी, चक्कर आएगा." हो म्हटलं.
ताईला परत फोन. "पाहू" सुद्धा म्हणाली नाही यंदा.

२६ ऑग., मंगळ. हरतालिका.
डाव्या हाताने लिहून राहिले, त्यामुळे हे असं.
गेले होते. निर्जळी उपास आणि गेले. महालक्ष्म्या तोंडावर आल्या, म्हटलं एक दिवस कशाला बुडवू. बॅच रिकामी, सगळ्या माहेरी नाहीतर पूजेत. दोन वजनं उचलून चालले, दुसऱ्या फेरीत डोळ्यांपुढे अंधार. वजनं पायावर पडली नाहीत ही देवाची कृपा. मी पडले ती उजव्या हातावर.
डॉ. म्हणाले, मोडलं नाही, मुरगळलं आहे. पट्टी, गळ्यात झोळी. तीन आठवडे उजव्या हाताने काही धरायचं नाही.
काही धरायचं नाही! दोन महिने मी दुसरं काय शिकत होते?

२७ ऑग., बुध.
गणपती बसले. मोदक विकतचे. जयाचा फोन आला, कोणीतरी सांगितलं असणार. रागवायला गेली आणि तीच रडवेली झाली. "मैंने बोला था ना आंटी." बोलली होती. हे आज सारखे फोन घेऊन बाहेर जातात, चिडले असतील माझ्यावर.

२९ ऑग., शुक्र.
सकाळी बेल वाजली. दारात ताई. हातात पिशवी, मागे हे, स्टेशनवरून घेऊन आलेले. यांनीच गुपचूप फोन केला होता!
"तुले येवढं उचलाले कोणी सांगतलं होतं? आन् आता सोळा भाज्या कोण चिरंन, तुहा नवरा?"
चप्पल काढून सरळ ओट्यापाशी. मला मिठी नाही, काही नाही. आंबिलीला ज्वारी कोणती आणली ते आधी पाहिलं. मी मागे उभी राहून तिची पाठ पाहत होते. केस फार पातळ झालेत.

३१ ऑग., रवि.
महालक्ष्म्या आल्या. मुखवटे ताई बसवेना, म्हणे तू बसव. मी एका हाताने धरला, तो तिरपा होऊ लागला, तेव्हा पटकन तिनेच सावरला. मग दोघींनी मिळून बसवले. हे बाहेरच्या खोलीत उगाच पेपर चाळत होते.

१ सप्टें., सोम. दुपारी.
नैवेद्य झाला, जेवणं झाली. हे झोपले. संध्याकाळी बायका येतील. ताईला म्हटलं, आज तू बाहेर बसायचं, आत लपायचं नाही. ती भांडी पुसत राहिली.
मग न राहवून सगळं सांगून टाकलं. जिम कशासाठी, बांगड्या, बरणी, सगळं. ऐकताना एकदा हसली.
"येडी आहेस तू. आन् आता हात घेऊन बसली गळ्यात."
"डावा आहे नं."
"एका हातानं कुठं होते?"
हात पुसून आली, माझा डावा दंड चाचपून पाहिला. बरणीचं झाकण घट्ट बसलंय का पाहावं तसा दाबून. "घट्ट झाला व," म्हणाली. मग माझ्या पायाला पाय लावून उभी राहिली, अंगठ्याला अंगठा. तिने माझा डावा दंड धरला, मी तिचा. मी श्वास रोखला होता, आठवलं, सोडला. ती थोडी मागे झुकली. थोडीच.
तेवढ्यात दारावर दूधवाला. तिने पाय काढला, पदर सारखा केला. "बायाइसमोर नाही जमणार मले सुधे," म्हणाली आणि पातेलं घेऊन गेली.
मी जरा पडले, डोळा लागला. आत्ता उठून पाहते तर ताई चहा टाकतेय, आणि मधल्या खोलीतली सतरंजी गुंडाळून भिंतीला उभी केली आहे, दोघींना गरगर फिरता येईल एवढी जमीन मोकळी. मी सांगितलं नव्हतं.