सांधलेली कॉईल

माय, तुझ्याच विजेच्या शेगडीसमोर बसून लिहायलोय. पूर्णेला अक्काकडं आलो ते एका मुक्कामासाठी. पुढं नांदेडला मंडपाच्या लायटिंगचं काम आहे. तू गेलीस तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. तेव्हापासून कुठल्याच गावात वर्ष काढलं नाही. आयटीआयसुद्धा अर्ध्यात सोडलं. वर्गात बसलं की गाडीचा भोंगा ऐकू यायचा, आणि मग ती परळीची असेल का अकोल्याची... ते जाऊ दे. सांगायचं होतं शेगडीचं.

अक्का तिच्यावर बाळाच्या अंघोळीचं पाणी तापवते. आज प्लग काढताना तिनं हाताला ओढणी गुंडाळली आणि मला तूच दिसलीस. तू पदरानं काढायचीस. रेल्वेतल्या ड्युटीवाल्यांचे डबे करायलीस, आणि मध्येच कॉईल तुटते. तू चिडत नाहीस. प्लग काढतेस, जळालेलं टोक मोडून टाकतेस, उरलेली कॉईल ओढून दोन्ही टोकांना पीळ देतेस, परत खाचेत बसवतेस. "बघ, सांधली की जास्तच लाल होती!" मी आपला घरातून दारात, दारातून घरात. "तुझ्या बुडाखाली पण एक कॉईल बसवली का रे देवानं? बस की जरा!"

मी सॉकेटला हात लावला तर चटका. म्हणलं, अक्का, ही एक दिवस घर पेटवील, कॉईल बदलू.

"मायची हाय ती. तिला हात लावायचा न्हाई. तू येतो पाहुण्यासारखा, आन् मला शिकवतो व्हय?"

मी पिशवीतून मीटर काढलं. वायरीतली एक तार वेगळी करून तिच्याभोवती मीटरचा चिमटा धरला: साडेसहा अँपिअर. सॉकेटला दोनशे तीस व्होल्ट. आयटीआयमधलं एवढंच डोक्यात राहिलंय, की व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध, गुणलं की वॅट. भागलं, पस्तीस ओहम आले. गुणलं, तर जवळपास दीड हजार वॅट. शेगडीच्या बुडावर लिहिलंय हजार! हजारवाल्या नव्या कॉईलचा रोध त्रेपन्नच्या आसपास असतो. परत गुणाकार केला, वाटलं माझंच चुकलं. नव्हतं चुकलं. कॉईलचा तिसरा हिस्सा गेलाय माय, तुटून तुटून. तू ओढून बसवायचीस म्हणून खाच भरलेली दिसते. तार कमी, म्हणून रोध कमी, म्हणून करंट जास्त, आणि सॉकेट बिचारा पाच अँपिअरचा. तुला वाटायचं सांधल्यानं तिला जोर येतो. ती तर कमी होत चालली होती. शेवटी शेवटी तू पण सगळं लय भराभर उरकायचीस.

अक्का बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होती. "म्हंजे माय चुकायची?"

"न्हाई गं. तिला डबे वेळेवर द्यायचे असायचे."

अक्कानं बाळाला खाली निजवलं. मग म्हणाली, "बदल. पण तिनं दिलेले पीळ फेकू नको."

जुनी कॉईल तिनं देवघराच्या खिळ्याला अडकवली. मी नवी बसवली, जाड वायर ओढून सॉकेटही पंधराचा केला. आता प्लग थंड असतो. पाण्याला मात्र वेळ लागतो. नांदेडची गाडी गेली. अक्काला म्हणलं, तुझ्या पाण्यानं उशीर केला.

हे कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, म्हणून तुला खरं सांगतो. पाणी केव्हाच उकळलं होतं. मीच बसून होतो.