क्लेव्हरर की मोअर क्लेव्हर

३ जून, सकाळी
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर. इंग्रजी व्याकरणाची नवी आवृत्ती विकत आणली. म्हणे 'क्लेव्हरर' बरोबर आणि 'मोअर क्लेव्हर'सुद्धा बरोबर. दोन्ही चालतं. चालतं म्हणजे काय? भाषा आहे की धर्मशाळा? उभी हयात शाळेत हेच शिकवलं. लहान शब्दाला शेपूट, लांब शब्दाला मोअर, मधल्यांचं मी सांगेन ते. मी निवृत्त झालो त्या दिवशी एकही मूल रडलं नाही. शिस्त म्हणतात ती हीच.

संकल्प: प्रकाशकांना खरमरीत पत्र. आणि हिचं इंग्रजी पक्कं करणे. परदेशातली नात सात वर्षांची झाली, तिला मराठी येत नाही. दर रविवारी व्हिडिओवर ही नुसतं 'हॅलो बाळा' म्हणते आणि फोन माझ्याकडे देते. मी बोलतो. नात आदराने गप्प असते. आपला आजोबा किती शिकलेला आहे हे पोरीला कळलं पाहिजे, एवढीच इच्छा आहे.

५ जून
टेबलावरची घंटी आणली. हिची चूक झाली की टण्ण. पहिलंच वाक्य, धिस टी इज मोअर गुड. टण्ण. ही कप उचलून आत घेऊन गेली. चहा माझा होता.

१२ जून
आठवडाभरात हिची एकही चूक नाही. पद्धत लागू पडली. ही इंग्रजीत अवाक्षर बोललेली नाही हे खरं, पण चुका शून्य.

१५ जून, रविवार
नातीने कुत्र्याचं चित्र दाखवलं. फनेस्ट डॉग म्हणाली. असा शब्द नसतो हे मी प्रेमानेच समजावलं, उदाहरणं देऊन. मधेच फोनवर मुलगी आली. म्हणाली, बाबा, तिला जरा बोलू द्या ना. मी कुठे अडवलं? पोरगी चित्र घेऊन निघून गेली होती. झोपेची वेळ झाली असावी. तिकडे दुपार होती म्हणा.

१८ जून
पत्र रखडलंय. 'युवर बुक इज' इथपर्यंत झकास. पुढे 'शॅलोअर' की 'मोअर शॅलो'? नव्या आवृत्तीत बघायचं नाही असा निश्चय केला.

१८ जून, दुपारी
बघितलं. दोन्ही चालतं.

२१ जून
ही रोज संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या मुलीच्या स्पोकन इंग्लिश क्लासला जायला लागलीय. माझ्याकडे शिकलेलं तिथे बायकांना सांगायला जात असणार. स्वभावच परोपकारी. ती मुलगी म्हणे सांगते, चुका, पण बोला. उचलली जीभ लावली टाळ्याला. जिन्यात हसणं ऐकू येतं. व्याकरणात हसण्यासारखं काय असतं, देव जाणे.

२२ जून, रविवार
मुलीने व्हिडिओवर एवढंच सांगितलं, नातीला बरं नाही म्हणे, आज बोलणार नाही. मागे कोणीतरी उड्या मारत होतं.

२८ जून
उद्याची जय्यत तयारी. नियम वगैरे काही नाही, फक्त कौतुक करायचं. एकच वाक्य: तू दिवसेंदिवस जास्त गोड दिसतेस. आरशासमोर म्हणून पाहिलं. उत्तम.

२९ जून, रविवार
फोन आला. हिने 'हॅलो बाळा' म्हटलं आणि फोन दिलाच नाही. बोलतच सुटली. शेजारणीचं मांजर प्लंबरच्या पिशवीत जाऊन झोपलं आणि तो ते घरी घेऊन गेला, ही सगळी हकिगत. मोस्ट फॅटेस्ट कॅट. प्लंबर मोअर अँग्रियर. घंटी वाजवायला हातच उचलेना. नात पोट धरधरून हसत होती. पुन्हा सांग म्हणाली. ती एवढी हसते हे मला माहीतच नव्हतं. वाईट वाटलं.

मग फोन माझ्याकडे. यू लुक. पुढे 'लव्हलिअर' तोंडात आलं. 'मोअर लव्हली' बरं वाटलं. परत पहिल्याकडे वळलो. तोंड उघडं, आवाज बंद. नातीला वाटलं, व्हिडिओ अडकला. मग माझ्या डोक्यावरचा पंखा फिरताना दिसला. तिने आजीला विचारलं, आजोबांना इंग्रजी येत नाही का? ही म्हणाली, येतं गं, बोलायची सवय नाही.

पोरीने फोन जवळ घेतला आणि अगदी सावकाश, ओठ हलवून दाखवत, मला 'हॅलो' म्हणायला शिकवलं.

म्हटलं.

व्हेरी गुड म्हणाली.