सुमनताईंची ओवाळणी

२१ ऑक्टोबर
प्रीतम सगळं ठरवूनच घरी आला. ताथवड्याची जमीन बिल्डरला द्यायची तर आधी आत्याचं, म्हणजे सुमनताईंचं, हक्कसोडपत्र पायजे. सासऱ्यांच्या जमिनीत लेकीचाबी वाटा हाय, तिनं सही करून भावाला सोडला की मोकळं. सोमवारची कचेरीतली वेळ घेतलीबी पोरानं! म्हणलं, आत्याला विचारलंस का? तर म्हणतो, "आई, तूच बोल. बाबा बहिणीपुढं मांजर होतात."

नकोशी कामं माझ्याच गळ्यात. मीच तोंडाची फाटकी ना!

मग मीच डोकं लढवलं. ह्यांना सांगितलं — भाऊबीजेला मागा. ओवाळतानाच. तवा कोणती बहीण न्हाई म्हणती?

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
मागितलं.

सुमनताई चाकणवरनं बस बदलत आल्या. नवरा गेल्यापासून तिथं भाड्याच्या खोलीत राहतात, कंपनीच्या कँटीनला पोळ्या लाटतात. तरी करंज्यांचा डबा आणलाच. ह्यांना पाटावर बसवलं, ओवाळलं. हे पाकीट काढाय लागले तसं मी कोपरानं डिवचलं. हे खाली बघूनच बोलले, "सुमे, औंदा तूच मला ओवाळणी दे. सोमवारी येऊन जमिनीची सही कर."

प्रीतम म्हणाला, "घ्या! उलटी भाऊबीज!" आणि हसला. मीबी हसले. मोठ्यानं.

सुमनताईंनी ताट खाली ठेवलं. म्हणाल्या, "बरं दादा."

एवढंच! मला वाटलेलं भांडतील. माझी उत्तरं तयार होती. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

जेवणं झाल्यावर भांडी घासायला बसल्या. म्हणलं, राहू द्या की. तर मान वर न करता — "वहिनी, सही केल्यावर पुढच्या दिवाळीला येऊ ना मी?"

"काय बाई बोलता!" म्हणून मी आत निघून आले. येऊ नका कोण म्हणतंय? पण त्यांना हे विचारावं लागलं. माझ्या घरात. भांडी घासताना.

२४ ऑक्टोबर
करंज्या तशाच. डबा उघडलाबी न्हाई.

२५ ऑक्टोबर
सकाळीच ह्यांना म्हणलं, नको ती सही. वाटा देऊ त्यांचा त्यांना. तर म्हणाले, "डोकं कुणाचं व्हतं? आता साळसूद होतीस व्हय गं?"

माझंच व्हतं.

मग सुमनताईंनाच फोन लावला. सरळ सांगायचं, येऊ नका सोमवारी. तर त्याच आधी बोलल्या — "वहिनी, आधार कार्ड घेतलंय, फोटो काढलेत. आणखी काय आणू? तिथं दादाचा खोळंबा नको."

मी म्हणलं, "पॅनकार्ड."

पॅनकार्ड म्हणलं मी! एरवी ह्या तोंडापुढं आळी गप्प बसती. चांगलं एक वाक्य बोलायचं तर फुटलं न्हाई. लाज वाटती लिहायला. पण सांगू कुणाला?

२७ ऑक्टोबर
कचेरीत साहेबांनी सुमनताईंना विचारलं, "राजीखुशीनं सोडताय ना? कुणाचा दबाव?"

त्या म्हणाल्या, "न्हाई साहेब."

मी म्हणलं, "हाय साहेब. माझा."