प्रेताचं काम

ता. ७, सोमवार
पोचले एकदाची! पुतणी घ्यायला आली होती. डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात महोत्सवाचं कार्ड. मी म्हटलं, अगं, चोर म्हणू की पाहुणी? हसली. मोठी थिएटरं ज्यांना दारातही उभं करत नाहीत अशा सिनेमांचा हा महोत्सव आहे. तिनं पदरमोड करून काढलेला सिनेमा इथं रोज लागणार, आणि त्यात मी आहे! काम प्रेताचं. सासू मरते, सून कुणाला कळू देत नाही. तिला खुर्चीत बसवते, वेणीफणी करते, तिच्याशी भांडते. शेवटी दोघींतली मेलेली कोण तेच तिला समजेनासं होतं. सून पुतणीच झालीय. मी नुसती बसलेय. आमचे हे असते तर म्हणाले असते, मला जन्मात जमलं नाही ते पोरीनं करून दाखवलं, हिला गप्प बसवलं.
खोली थिएटरच्या मागेच, जिन्याखाली. खिडकी नाही, पण या वयात खिडकीत उभी राहून मी कुणाला घायाळ करणार?

ता. ८, मंगळवार
आजपासून थिएटरच्या दारात बसायचं. सिनेमातलीच खुर्ची, तीच साडी, तीच शाल. आत शिरण्याआधीच लोकांना धडकी भरली पाहिजे, म्हणे. मेकअपवाला तोंडावर मेणाचा थर चढवतो, हसलं की तडा जातो. वेळ जाईना म्हणून शालीखाली वही-पेन्सिल घेऊन न बघता लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
तिकिटं फाडणारे भाऊ मोठे मिशीवाले. मी विचारलं, या मिशा घरी धुता की धोब्याकडे देता? तेव्हापासून दोस्ती. एक जाडे गृहस्थ माझ्या नाकाला नाक लावून बघत होते. मारला डोळा! पिशवी टाकून पळाले. भाऊ स्टुलावरून पडायचेच बाकी राहिले.

ता. ९, बुधवार
बोभाटा झाला. डोळा मारणारी सासू बघायला रांग. मीही कसर ठेवली नाही. एकीच्या कानात कुजबुजले, बाई गं, सोडव मला, सून मारून टाकेल. ती किंचाळत गेली आणि चार मैत्रिणींना घेऊन परत आली.
पण आत भलतंच झालं. पडद्यावर मी दिसले की हशा. परीक्षकसुद्धा हसले. पुतणी बाहेर आली तेव्हा वाटलं, आता आपली खैर नाही. तर तिनं माझी शाल नीट केली, गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, काकू, तू गप्प असलीस की किती छान दिसतेस.

ता. १०, गुरुवार
बसण्याआधी मेकअपवाल्यानं कसलेसे थेंब दिले. शिंक येऊ नये म्हणून. कडू जहर. मी म्हटलं, सासूला खरंच मारता की काय रे? तो हसला नाही.
जरा वेळानं नाक खाजलं, तर हात उचलेना. जीभ लाकडासारखी. एका बाईनं केसातली पिन काढून माझ्या दंडात टोचली, खरी की खोटी बघायला. मी ओरडले. म्हणजे आतल्या आत ओरडले. बाई म्हणाली, मेणाचीच आहे, आणि आणखी एकदा टोचून गेली.
संध्याकाळी अंग मोकळं झालं तेव्हा पुतणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आज एकही माणूस हसला नाही, काकू. मला घरी जायचंय म्हटलं. बक्षीस जाहीर झालं की जा, म्हणाली. जाताना बाहेरून कडी घातली.

ता. ११, शुक्रवार
आज थेंब गालात धरले आणि त्याची पाठ वळल्यावर पदरात थुंकले. निम्मे पोटात गेलेच. भाऊ जवळ आले तशी सगळा जीव जिभेवर आणून बोलले. भाऊ, मला काहीतरी पाजतात, कोंडून ठेवतात, आईशप्पथ खरं, मला इथून न्या.
भाऊ खो खो हसले. म्हणाले, काकू आज फारच रंगात आलात! मला रडू फुटलं. त्यांनी टाळी वाजवली. लोक जमले, त्यांनीही वाजवल्या. मी रडतेय आणि टाळ्या थांबेनात.
वर भाऊंनी जाऊन पुतणीजवळ कौतुक केलं. काय काम करतात तुमच्या काकू, अंगावर काटा आला.
पुतणीनं ऐकून घेतलं. आभार मानले.

ता. १२, शनिवार
नाक दाबून पाजले. दुप्पट. दोघांनी धरून. शालीखाली बोटं तेवढी चालतात.
शेजारी पाटी लावलीय. मेणाचा पुतळा, हात लावू नये. भाऊंना सांगितलंय, काकू घरी गेल्या. माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, न सांगता गेल्या हो. मग रुमाल काढून माझं तोंड पुसलं, धूळ बसली म्हणून. उघड्या डोळ्यांवरूनसुद्धा. हुबेहूब केलाय म्हणाले—
डोळा मारायला गेले. पापणी हलेना.
खेळ संपल्यावर पुतणी पायाशी येऊन बसली. सिनेमातलं बोलत होती. सासूबाई, आज केस किती गुंतलेत. समोर कुणी नव्हतं. कॅमेरा नव्हता. मग कुणासाठी— मी काकू आहे गं, तुझी काकू—

ता. १३, रविवार
बक्षीस मिळालं. खुर्चीसकट मंचावर आणलंय. उजेडच उजेड. तीन बोटं चालतात. तेवढीच—
पुतणी माइकवर रडतेय. म्हणते, काकू गेली. काल घरी पोचली आणि रात्री झोपेतच गेली. आता हा पुतळा सिनेमाबरोबर गावोगाव नेणार, काकू अशी माझ्याजवळच राहील—
खोटं— भाऊ दारात मिशीवरून हात फिरवत रडतायत. अहो माझ्यासाठी रडताय, आणि मी—
सगळे उभे राहिले. श्रद्धांजली. माझी. माना खाली. कुणी खोकतसुद्धा नाही. एवढी शांतता परत नाही मिळायची—
पेन्सिल पाडली तर आवाज होईल. खाली गालिचा आहे. जाड आहे. तरी—
पाडली की लिहिणं संपलं—
वर बघा हं. एकानं तरी. पाड