पगार झाला की एक तांब्या

भिसेगाव, कर्जत
१४ सप्टेंबर

आदरणीय दीप्तीताई हिस,
धाकट्या भावाचा सप्रेम जय भीम.

पत्र पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही (निदान माणसांपैकी तरी नाही). इकडे आबा, संजना आणि मी असे तिघेही खुशाल आहोत. तू आणि निलेश भाऊजीही खुशाल असाल अशी आशा करतो. आशाच करावी लागते, कारण कळायला मार्ग नाही. कर्जतहून शेलू ते काय, मधे दोन स्टेशनं. तेवढ्यासाठी हा माणूस पोस्टात जाऊन पाकीट विकत घेतो म्हणून काउंटरवरच्या बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. पण करू काय? व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंयस, फोन उचलत नाहीस, आणि जुलैत मी पेढे घेऊन तुझ्या सोसायटीच्या गेटवर आलो तेव्हा तुमच्या वॉचमनने फोन लावला आणि तू त्याला 'घरी नाही म्हणून सांगा' असं सांगितलंस. फोन स्पीकरवर होता गं. मी ऐकलं, वॉचमनने ऐकलं, पाण्याच्या टँकरवाल्यानेही ऐकलं. पेढे आम्ही तिघांनी तिथेच खाल्ले.

तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींनी आबांना सांगितलं, आबांनी मला सांगितलं, पण आबांना हल्ली डाव्या कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे दुखणं गुडघ्याचं आहे की घोट्याचं याचा नीट उलगडा झाला नाही. जे काही असेल त्याला शेक दे.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या दिवाळीत 'आपलं घर' या ग्रुपवर, जिथे मावश्या, आत्या, दोन्हीकडचे सोयरे असे मिळून एकोणतीस माणसं आहेत, तू फोटो टाकलास आणि खाली लिहिलंस, 'आईच्या झाडाचा वाटा मागितला तर भावाने नर्सरीतलं चाळीस रुपयांचं झाड माथी मारलं.' आणि मी काही बोलायच्या आत ग्रुप सोडून गेलीस. (त्याच्यावर अकरा जणांनी अंगठे दिले. अंगठे देणाऱ्यांची यादी माझ्याकडे आहे, त्यांच्याकडच्या लग्नांना मी जाणार नाही.) ताई, दहा महिने मी हा आरोप सहन केला. आता माझ्याकडे पुरावा आहे. म्हणून हे पत्र.

पण आधी मागचं थोडं सांगू दे, कारण तुझी स्मरणशक्ती फक्त माझ्या चुकांपुरतीच चांगली आहे. मोहोपाड्याच्या कॉलनीत आपल्या दाराशी रंगाच्या डब्यात आईचं ते झाड असायचं. आता सगळं जग त्याला स्नेक प्लांट म्हणतं आणि ऑफिसातल्या टेबलांवर ठेवतं; आई त्याला नुसतं 'पाती' म्हणायची. कंबरेइतकी उंच पाती, दोन्ही कडांना हळदीच्या बोटाएवढा पिवळा पट्टा. महिन्यातून एकदा ती पदराचं ओलं टोक घेऊन एकेक पात अशी पुसायची जशी आपली तोंडं पुसायची, फक्त पात्यांना शिव्या मिळत नसत. पाण्याचा तिचा नियम एकच. आबांच्या कंपनीचा पगार सात तारखेला व्हायचा, त्या दिवशी एक तांब्या. मधे एक थेंब नाही. पगार झाला की तेल येणार, साबण येणार, झाडाला पाणी येणार. पगार लांबला की झाडही थांबायचं, आणि ते तसं वीस वर्षं जोमात वाढलं.

ते झाड मॅनेजरसाहेबांच्या बाईंनी हौसेने दिलं, असं आई सगळ्या कॉलनीला सांगायची. ही शुद्ध थाप होती. आबांनीच मला गेल्या वर्षी सांगितलं. कंपनीच्या गेस्ट हाऊसच्या पायऱ्यांवर या झाडांच्या कुंड्या होत्या, वार्षिक दिनाला सगळे भाषणं ऐकत असताना आईने पिशवीतून उलथनं काढलं आणि एक मूळ खोदून घेतलं. "मी बिडी वढत हुबा व्हतो," आबा म्हणाले, "कोन आलं तर खोकायचं, आसं ठरलेलं." आणि खोकावं लागलं का, तर म्हणे, "बिडीचा खोकला यायला लागला, ती बिचारी दोनदा पळाली." ज्या बाईने आपल्याला शेजारच्या पेरूच्या झाडाखाली पडलेला पेरू उचलला म्हणून बदडलं होतं, तिच्याबद्दल मी हे लिहितो आहे. मुळाचा तपशील लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आई गेली. पहिल्या स्मृतिदिनाला वंदना झाली, जेवणं झाली, आणि तू म्हणालीस, शेलूला नवा फ्लॅट घेतलाय, आईच्या झाडातलं थोडं मला दे. मी हो म्हणालो. (मनातून नाही म्हणालो होतो, पण तू मोठी.) आता झाड वाटायचं म्हणजे कुंडीतून काढायचं, मुळाचे दोन तुकडे करायचे. सुरी घेऊन बसलो आणि हात चालेना. आईने लावलेलं, तिच्या हातची माती, आणि मी ते कापणार? असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं सांगू? मला ते अख्खं हवं होतं. मग मोबाइलवर एका बाईंचा व्हिडिओ दिसला, एका पानापासून पाच झाडं करा. मी लगेच उदार झालो. एक पात कापली, बोटबोटभर पाच तुकडे केले, मातीत खोचले. त्यातला एक मी उलटा लावला, वरची बाजू खाली, तो कुजला. (मी कॉलेजात बायोलॉजीच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, ही गोष्ट कृपा करून इथे काढू नकोस.) राहिलेल्या चार तुकड्यांना मुळं फुटली, सहा-सात महिन्यांनी कोंब आले, आणि ती चार बाळं मी मे महिन्यात रिबिनी बांधून तुझ्याकडे पोचवली. ती वाढली, पण हिरवीगार. पिवळ्या पट्ट्याचा पत्ता नाही. तू पट्टा येईल, येईल म्हणत दिवाळीपर्यंत वाट पाहिलीस आणि मग फोटो टाकलास.

तर आता पुरावा. गेल्या महिन्यात खालापूरकडच्या रस्त्यावर गजाच्या नर्सरीत गेलो होतो. (कशाला गेलो होतो ते नंतर.) हा गजा मुंबईच्या फार्महाऊसवाल्यांना स्नेक प्लांट विकतो. रात्री ऑक्सिजन सोडतं म्हणून ते लोक डझनाने नेतात. समोर अख्खा डोंगर हिरवागार उभा आहे, आणि हे खिडक्या बंद करून, एसी लावून, उशाशी कुंडी ठेवून ऑक्सिजन घेत झोपतात. असो. गजाला मी सगळी हकीकत सांगितली तर तो पोट धरून हसला. म्हणाला, "आवो सर, पानापास्नं लावलं तर पट्टा येतच नाय. हिरवंच व्हतं. पट्टा पायजे तर मुळापास्नं फोडाया लागतं." मी घरी येऊन पुस्तकात पाहिलं, शंभर टक्के खरं आहे. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण चोरी करताना पान तोडलं तर दिसतं आणि मूळ काढलं तर दिसत नाही, एवढं तिला कळत होतं, म्हणून आपल्याकडे पट्टा आला. तेव्हा ताई, ती चारही झाडं शंभर नंबरी आईच्याच झाडाची आहेत. मी चिकट असेन, पण लबाड नाही.

आता तू विचारशील (विचारणार नाहीस, पण समजू की विचारलंस), आईचं मूळ झाड कसं आहे? आहे. जरा मऊ पडलंय. त्याचीही एक गंमत आहे. आई गेल्यावर मला वाटलं, रंगाचा डबा बरा दिसत नाही. म्हणून ऑनलाइन एक पांढरी चिनीमातीची कुंडी मागवली आणि झाड त्यात हलवलं. खाली भोक नसलेली, इतकी गुळगुळीत की आबा तिला 'संडासाचं भांडं' म्हणतात. पाणी मात्र आईच्या नियमाने. माझा पगार पाच तारखेला होतो, त्या दिवशी मी गुपचूप एक तांब्या घालत होतो. गुपचूप एवढ्यासाठी की आईचा नियम या घरात माझ्याशिवाय कोणाला आठवतो, असं मला वाटायचं. यंदाच्या ऑगस्टात पात्या वाकायला लागल्या तेव्हा मी घरात आरडाओरडा केला, की कोणाचंच लक्ष नाही, पाण्यावाचून मारलंत. तेव्हा संजना रडायला लागली आणि म्हणाली, मी दर दहा तारखेला घालते. दवाखान्यात तिचा नर्सचा पगार दहाला होतो. सासूबाईंनी तिला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, पगार झाला की एक तांब्या. मग आम्ही दोघांनी आबांकडे पाहिलं. आबांनी नजर खिडकीबाहेर वळवली. म्हणाले, "येक तारखेला पेन्शन येतं ना रं."

म्हणजे तीन वर्षं, दहा दिवसांत तीन तांबे, भोक नसलेल्या भांड्यात, आणि वर कर्जतचा पावसाळा. आईचा नियम कोणीच मोडला नव्हता गं. आम्ही तिघांनीही तो काटेकोर पाळला, एवढंच झालं.

तरी माझ्या निर्दोषपणाबद्दल आता शंका उरू नये. तू ग्रुपवर परत यावंस, एकोणतीस जणांसमोर 'नर्सरीतलं' हा शब्द मागे घ्यावास, आणि अठ्ठावीस तारखेला आईच्या तिसऱ्या स्मृतिदिनाला भाऊजींसह यावंस. मी मोठ्या मनाने क्षमा करीन. गुडघ्याला जपावे.

तुझा (तुला आवडो न आवडो)
प्रीतम

ता. क. : 'जरा मऊ पडलंय' असं वर लिहिलं ते संजनाने वाचलं आणि पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणाली, मला सगळं कळलंय, खरं लिहा नाहीतर मी लिहिते. तर खरं असं की झाड गेलं. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मी एक पात सरळ करायला धरली तर ती बुडापासून अल्लाद हातात आली, मग दुसरी, मग सगळीच. खाली मुळाच्या जागी नुसता लगदा आणि वास. एकही तुकडा वाचला नाही. मी ते परसात पुरलं आणि घरी न सांगता गजाकडे गेलो. पिवळ्या पट्ट्याचं, तेवढ्याच उंचीचं झाड आणलं, आईचा रंगाचा डबा माळ्यावरून काढला आणि त्यात लावलं. होय ताई. ज्याच्यासाठी तू मला बदनाम केलंस तेच मी केलं, फक्त दहा महिने उशिरा, आणि चाळीसचं नाही, दोनशेचं. मला वाटलं, आबा फसले. मग एक तारखेला पेन्शन झाली. आबांनी तांब्या भरला, डब्यापाशी गेले, आणि पाणी शेजारच्या कढीपत्त्याला घालून आत आले. त्यांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मला जेवण जात नाही.

ता. क. २ : भाऊजींनी मला चोरून सांगितलंय (त्यांच्यावर रागावू नकोस, मी पेढ्यांचं आमिष दाखवलं होतं), की त्या चारांतली तीन तू वॉचमनला देऊन टाकलीस, ती त्याने गावी नेली, आणि एक मात्र ठेवलंस. बाथरूमच्या खिडकीत, जुन्या ब्रशच्या मगात. त्याला तू महिन्याला एकदाच पाणी घालतेस, आणि कोणी पाहिलं तर 'फेकायचं राहून गेलंय' म्हणतेस. बाजूने एक कोंबही आलाय म्हणे. ताई, आईच्या हातचं आता जगात तेवढंच उरलंय. मला पट्टा नको. हिरवं असू दे, वाकडं असू दे, मगासकट असू दे. अठ्ठावीसला येताना तो कोंब आण. पाणी फक्त आबा घालतील, एक तारखेला, असं घरात ठरलंय. माफीबिफी राहू दे. ग्रुपवर काय लिहायचं ते मी लिहितो.

ता. क. ३ : मुळासकट आण. पान आणलंस तर मी काही बोलणार नाही, पण आबांना कळेल.