चिंचेवरच्यांचा वकील

२३ मार्च, रविवार
घरासमोरच्या चिंचेवरची वटवाघळं दिवसभर कचाकचा भांडतात. साकोलीतल्या आमच्या कॉलनीला तो त्रास वाटतो. मला नाही. बी.एस्सी.ला झूलॉजी होतं. (सेकंड क्लास. आवड मात्र फर्स्ट क्लास.) मोबाइलवर वाचलं की त्यांची बहुतेक भांडणं खाण्यावरून, जागेवरून आणि 'मला का खेटतोस' यावरून असतात. बायकोला, रुचिताला, वाचून दाखवलं. म्हणाली, त्यासाठी झाडाखाली कायले जाता, तुमच्या बहिणी आल्या का घरीच ऐका.
संकल्प: रोज अर्धा तास शास्त्रीय निरीक्षण.

२४ मार्च
निरीक्षण दहा मिनिटं. मान आखडली. चष्म्यावर विष्ठा. उद्या छत्री नेणे.

२५ मार्च
छत्री नेली. छत्रीमुळे झाड दिसत नाही.

२७ मार्च
शेजारचे ताराचंदभाऊ (किराणा दुकान, नवी पांढरी गाडी) चिंच तोडण्यासाठी नगरपरिषदेत अर्ज देणार. म्हणाले, साहेब, गाडी धुऊन धुऊन हाताची सालं निघाली, तुमचे चमगादड मले परवडून नाही राहिले. मी शांतपणे सांगितलं की ते प्राणी खोटं बोलत नाहीत. अशक्त नराला दणदणीत ओरडणं झेपत नाही, म्हणून आवाजावरून खरी ताकद कळते. याला प्रामाणिक इशारा म्हणतात. ते म्हणाले, मंग आपल्या वॉर्डातले पुढारी काहून ओरडते?
या पातळीवर वाद घालण्यात अर्थ नाही. सहा तारखेपर्यंत अर्ज देऊ नका, असं कबूल करून घेतलं. त्या दिवशी मी कॉलनीसमोर प्रात्यक्षिक करणार. पटलं तर झाड आणि वटवाघळं राहतील. नाही पटलं तर... पटेलच.

३० मार्च
मागच्या घरातल्या विमलाबाईंच्या जामाच्या (पेरूच्या) झाडावर जाळी आहे. तिच्यात एक मादी अडकली. तिची किंकाळी ऐकून कात्री घेऊन धावलो. आधी रेकॉर्डिंग केलं. थोडंच. विमलाबाई ओरडल्या, अरे बापू, सोडवतोस का पिक्चर काढतोस?
सोडवली. जाताना अंगठ्याला चावली. दवाखान्यात इंजेक्शन.
हे चूक झालं का? जेवताना विचार केला. शास्त्रासाठीच केलं. तिची परवानगी घेतली नव्हती, हे खरं. पण घेणार कशी?

२ एप्रिल
योजना तयार. ती किंकाळी झाडाखाली लावायची. झाडावरची मंडळी आधी दचकतील, मग पाहतील की कोणी अडकलेलं नाही, आणि खोटी हाक ओळखून गप्प राहतील. लोक थक्क. रुचिता म्हणाली, अन् उडून गेले तं? मी हसलो. तिचं बी.ए. आहे.

५ एप्रिल
मोबाइलचा आवाज खालच्या फांदीपर्यंतही पोहोचत नाही. जयंती मंडळाच्या संघपालने मोठा स्पीकर द्यायचं कबूल केलं. त्याने एकच प्रश्न विचारला, सर, बेस किती ठिवू?

६ एप्रिल, दुपारी चार
भाषण बरं झालं.
किंकाळी लावली. चिंच एकदम गप्प. तिला इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. लोकांकडे वळून म्हणालो, पाहा, ओळखलं. तेवढ्यात संघपालने आवाज वाढवला.
मग अख्खं झाड उठलं. भर उन्हात. पिल्लं पोटाशी धरून चुलबंद नदीच्या दिशेने गेली.
टाळ्या वाजल्या. कोणीतरी व्हिडिओ काढला. ताराचंदभाऊंनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, साहेब, हे आधी काहून नाही सांगितलं? त्यांचे डोळे भरून आले होते.

७ एप्रिल
कोणी परतलं नाही. ही तात्पुरती प्रतिक्रिया असावी.

१० एप्रिल
नाही.
ताराचंदभाऊ अर्ज देणार नाहीत. म्हणाले, झाडाशी आपलं काय वैर आहे, सावली हाय. गाडी आता तिथेच लावतात.
वटवाघळांनी खोटी हाक ओळखली कशी नाही? बहुधा त्यांच्यात आजवर तशी कोणी मारलीच नसावी. हे वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तांत्रिकदृष्ट्या दोष बेसचा.

१३ एप्रिल
कॉलनीतर्फे सत्कार. शाल, नारळ. ठरवून गेलो होतो की माइकवर सगळं खरं सांगायचं: मी वटवाघळांना वाचवायला आलो होतो. उभा राहिलो. विज्ञानाचा समाजाला उपयोग झाला पाहिजे, एवढं बोललो आणि बसलो. यात खोटं काही नाही. तीनदा तपासलं.

१७ एप्रिल
लाखांदूरहून कोण्या चंद्रकुमारचा फोन. त्यांच्या आमराईत वटवाघळं फार झालीत. सर, तुमचा व्हिडिओ पाहिला, एक डाव याच लागते, जेवण आमच्याकडेच.
रुचिताने विचारलं, मंग नाही म्हटलं ना तुम्ही?
म्हटलं, स्पष्ट शब्दांत.
रविवारी सकाळी नऊची बस आहे.